परमुलखातली आपली पोस्ट ऑफिसं

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने जेव्हा "काका, तुमच्या तिकिटांवर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी आधी नको म्हटलं. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी अंकात पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव यांचा इतिहास हवा. माझ्या जुन्या पाकिटांचं इथं काय काम? पण मग जिन्याखालच्या आपल्या पत्रपेट्यांकडे नजर गेली. २५ वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा त्या पेट्यांत हाताने लिहिलेली पत्रं पडत होती. आता वीजबिल आणि जाहिराती. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

मला पुष्कळ जण विचारतात, "कोल्हापूर संस्थानाची तिकिटं आहेत का हो तुमच्याकडे?" त्यांना सांगावं लागतं की ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद यांच्यासारखी टपाल तिकिटं कोल्हापूर संस्थानाने काढली नाहीत. संस्थानाची होती ती कोर्ट फी आणि महसुलाची तिकिटं. टपाल ब्रिटिश हिंदुस्थानचंच होतं. मी जमवतो ते वेगळंच आहे. एका देशाने दुसऱ्याच्या भूमीवर किंवा दूरच्या मुलखात चालवलेल्या पोस्ट ऑफिसांतली तिकिटं आणि पत्रं, त्यातही आपल्या हिंदुस्थानच्या पोस्टाची. आपलं पोस्ट एके काळी झांझिबारपासून सिंगापूरपर्यंत पसरलं होतं, हे शाळेत कुणी शिकवलं नाही.

सुरुवात थोडी मागून करतो. आशियातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे १८५२ सालचं 'सिंध डाक'. ते काढणारे बार्टल फ्रियर हे सिंधला जाण्याआधी आपल्या शेजारी साताऱ्याला रेसिडेंट होते. पुढे १८५४ च्या ऑक्टोबरपासून सगळ्या हिंदुस्थानसाठी तिकिटं सुरू झाली. अर्धा आणा निळं, एक आणा तांबडं, दोन आणे हिरवं आणि चार आण्याचं दोन रंगांचं. आता गंमत अशी की हीच तिकिटं त्याच महिन्यापासून एडनलाही विकली जाऊ लागली. कारण एडन १८३९ पासून मुंबई इलाख्याच्या ताब्यात होतं. एडनच्या कचेरीचा पहिला शिक्का म्हणजे ठिपक्यांच्या चौकटीत १२४ हा आकडा. गावाचं नाव नाही, काही नाही, फक्त आकडा. नुसतं तिकीट बघितलं तर ते आपलंच, मुंबईतही तेच. पण त्यावर १२४ पडला की ते एडनचं झालं.

एडन म्हटलं की मराठी माणसाला आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आठवतात. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती एडनच्या तुरुंगात, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथेच वारले. त्या काळातलं एडनचा शिक्का असलेलं पत्र हाती आलं की, निदान मला तरी, ते नुसतं संग्रहातलं एक पान वाटत नाही. हे हिंदी तिकीट एडनला थेट १ एप्रिल १९३७ पर्यंत चाललं. त्या दिवशी एडन वेगळी वसाहत झाली आणि गलबताचं चित्र असलेली त्यांची स्वतःची तिकिटं आली. ब्रह्मदेशही त्याच दिवशी हिंदुस्थानपासून वेगळा झाला.

पूर्वेकडे सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का ही बंदरं १८६७ पर्यंत कलकत्त्याच्या कारभाराखाली होती. तिथेही आपलीच तिकिटं. सिंगापूरचा शिक्का बी १७२, पेनांगचा बी १४७, मलाक्काचा बी १०९. १८६७ मध्ये ही बंदरं लंडनच्या थेट ताब्यात गेली, पण नवी तिकिटं छापून यायची होती. मग काय केलं, तर हिंदुस्थानच्याच तिकिटांवर मुकुट आणि सेंटमधली किंमत छापली आणि वापरली. खात्यात नवीन फॉर्म येईपर्यंत जुन्यावर रबरी शिक्का मारून काम भागवायचं, ही रीत आम्ही बँकेतही पाळली. ती इतकी जुनी आहे हे मला तिकिटांनी शिकवलं.

पश्चिमेला इराणच्या आखातात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपली पोस्टं निघाली ती व्यापारामुळे आणि बोटींमुळे. मस्कत आणि बुशहर १८६४, बसरा आणि बगदाद १८६८, बहरीन १८८४, दुबई १९०९, कुवेत १९१५. बगदाद आणि बसरा तर तुर्की सुलतानाच्या मुलखात होते. तिथली आपली पोस्टं १८८२ पर्यंत चालली. झांझिबारला सुलतानाच्या राज्यात हिंदी पोस्ट १८७५ पासून सलग वीस वर्षं होतं. तिथे कच्छी, खोजा, भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि त्यांची हुंडी-पत्रं मुंबईला येत. आपल्या शेजारी, पोर्तुगीजांच्या दमणमध्येही ब्रिटिश हिंदुस्थानचं पोस्ट होतं, १८८३ पर्यंत. तिबेटात ग्यांत्से, यातुंग, फारी इथली आपली पोस्टं तर स्वातंत्र्यानंतरही चालू होती. १९५४ च्या भारत-चीन करारानुसार ती १९५५ मध्ये चीनच्या हवाली केली. काठमांडूचं आपलं पोस्ट १९६५ पर्यंत होतं.

आखाताची पुढची कथा बँकेच्या माणसाला फार आवडण्यासारखी आहे. १९४७ ला फाळणी झाली. आता मस्कतचं पोस्ट कुणाचं? ते गेलं पाकिस्तानकडे. काही महिने मस्कत आणि दुबईला पाकिस्तान असं छापलेली जॉर्ज राजाची तिकिटं चालली. १ एप्रिल १९४८ पासून लंडनच्या पोस्टाने ताबा घेतला. तिकिटं आली इंग्लंडची, पण त्यावर किंमत छापली आण्यांत आणि रुपयांत! कारण तिथल्या बाजारात चलन आपलंच. एक पेनीच्या तिकिटावर 'एक आणा'. पुढे १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे नवे पैसे आले, तर आखातातल्या इंग्रजी तिकिटांवरही त्याच दिवसापासून 'नवे पैसे' आले. राणी एलिझाबेथच्या चेहऱ्याशेजारी आपले नवे पैसे! हे तिकीट मी कुणालाही दाखवलं की आधी ते खोटं वाटतं.

सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपल्या नोटा आखातातून परत येऊन परकीय चलन जाऊ लागलं, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, 'झेड' अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि जी राज्यं अजून रुपया वापरत होती त्यांनीही एकेक करून तो सोडला. म्हणजे रुपयाची पत कुठवर होती आणि कधी आटली, हे पाकिटावरच्या तिकिटावरून तारखेनिशी सांगता येतं. ताळेबंदापेक्षा हे वाचायला सोपं जातं.

आता लष्कराकडे येतो. फौज परमुलखात गेली की तिच्याबरोबर पोस्टही जातं. त्याला म्हणतात फील्ड पोस्ट ऑफिस. १९०० साली चीनला फौज गेली तेव्हा आपल्या तिकिटांवर सी.ई.एफ. अशी अक्षरं छापली. १९१४ च्या महायुद्धात आय.ई.एफ. छापली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यात अडकली ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. शेवटी शरणागती. त्यानंतर कित्येक घरांत पत्र आलंच नाही. ज्या गावांत त्या वेळी पोस्टमनची वाट बघितली गेली, त्यांतली बरीच गावं आपल्या कोकणातली आणि देशावरचीच.

दुसऱ्या महायुद्धाचा आपल्या कोल्हापूरशी जो संबंध आहे, तो तर मला जगात दुसरीकडे कुठे सापडला नाही. १९४४ साल डोळ्यांसमोर आणा. इटलीत एकाच ब्रिटिश आठव्या सैन्यात पोलंडची दुसरी कोअर लढत होती आणि आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. १८ मे १९४४ ला पोलिश सैनिकांनी मोंते कासिनोचा मठ घेतला. त्याच मोहिमेत पुढे, १० जुलै १९४४ ला, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता त्या पोलिश सैनिकांपैकी काहींची बायका-मुलं कुठे होती? तर इथे, आपल्या वळिवड्याला! सायबेरियातून सुटून, इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यात बहुतेक स्त्रिया, मुलं आणि वयस्क माणसं. आज त्या जागी गांधीनगर आहे.

म्हणजे इटलीच्या एकाच आघाडीवरून दोन प्रकारची पत्रं कोल्हापूरला निघत होती. एक पोलिश फील्ड पोस्टाच्या शिक्क्याचं, पोलिश भाषेतलं, वळिवडे छावणीकडे. दुसरं भारतीय फील्ड पोस्टाच्या शिक्क्याचं, मोडक्यातोडक्या मराठीतलं, आपल्या एखाद्या खेड्याकडे. दोन्हींवर सेन्सॉरचा शिक्का, दोन्हींत जागेचं नाव लिहायला बंदी, आणि दोन्हींत बहुधा एकच मजकूर : मी खुशाल आहे, काळजी नसावी. महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापुढून आपण फिरायला जातो तेव्हा ही दोन पत्रं माझ्या मनात येतात.

आता एक कबुली देतो. हा लेख लिहायला तयार झालो त्यामागे हेही कारण आहे.

२७ जुलै १९५३ ला कोरियात युद्धविराम झाला. मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांवर युद्धकैदी सांभाळायला तटस्थ फौज हवी होती. ती भारताने पाठवली. तिचे सेनापती होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आपल्या कोल्हापूरचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून आपल्या जवानांना बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. या फौजेसाठी आपल्या तिकिटांवर देवनागरीत छापलं होतं : 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. कटक म्हणजे सैन्य. बखरी वाचलेल्यांना हा शब्द नवा नाही.

त्या कटकात माझे मामा होते, साधे शिपाई. आजोळ शिरोळ तालुक्यात. कोरियातून त्यांची पत्रं आजोबांच्या नावे येत, शाळेचे मास्तर ती वाचून दाखवत. आजीला अक्षरओळख नव्हती. पण पाकिटं तिने ट्रंकेत नीट बांधून ठेवली होती. १९६१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी अकरा वर्षांचा, तिकिटांचं वेड नुकतंच लागलेलं. ट्रंक उघडली, कात्री घेतली आणि एकेक तिकीट कोपऱ्यासकट कापून वाटीत पाण्यात टाकलं. नऊ तिकिटं मिळाली. कोल्हापूरला परत आल्यावर त्यांतली चार एका मित्राला देऊन हंगेरीचं एक त्रिकोणी तिकीट घेतलं, आणि फार मोठा व्यवहार केला असं वाटलं.

आजीने कापलेली पाकिटं बघितली. "आरं, फाडलंस व्हय रं?" एवढंच म्हणाली. मारलं नाही, रागावली नाही. ती पाकिटं मांडीवर घेऊन हाताने सरळ करत बसली. पुढे घर शाकारताना कधीतरी ती बंबात गेली.

मामा कोरियातून सुखरूप आले, पुरती नोकरी करून निवृत्त झाले आणि गावीच वारले. बोलणं कमीच. दहा-बारा वर्षांपूर्वी गावातल्या तरुणांनी शाळेत माजी सैनिकांचा फलक लावायचं ठरवलं. प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठे लढला, कुठे गेला ते लिहायचं होतं. मामांच्या नावापुढे 'कोरिया' लिहा म्हटल्यावर पोरं हसली. "कोरियाला कशाला जातोय आपला माणूस? काही कागद आहे का?" मामेभावाने घर पालथं घातलं. नोकरीचे कागद पुरात भिजून गेलेले. आणि ज्या पाकिटांवर तारीखवार पुरावा होता, ती मी कापली होती.

सुदैव असं की एक पाकीट ट्रंकेत नव्हतंच. आजोबांनी ते 'पांडवप्रताप'च्या पोथीत खूण म्हणून घातलं होतं. पोथी देव्हाऱ्यात राहिली, पाकीटही राहिलं. तिकीट, त्यावरची देवनागरी अक्षरं, फील्ड पोस्टाचा शिक्का, १९५३ सालची तारीख, पाठीमागे मामांचं नाव आणि नंबर. ते घेऊन मी स्वतः गावी गेलो. पोरांनी मोबाईलवर फोटो काढले आणि फलकावर 'कोरिया, १९५३' लिहिलं गेलं. नऊच्या नऊ पाकिटं असती तर ते कधी पोचले, कधी निघाले, हेही सांगता आलं असतं. माझ्याकडे उरलेली पाच सुटी तिकिटं आजही अल्बममध्ये आहेत. बाजारात त्यांना थोडीफार किंमत येईल. पण मामांबद्दल ती एक अक्षरही सांगत नाहीत.

या छंदातलं मुख्य तत्त्व हेच, आणि ते मी असं शिकलो. नुसतं तिकीट म्हणजे सही नसलेला चेक. त्याला अर्थ येतो तो शिक्क्याने, तारखेने, पत्त्याने. दोन पोस्टांत तेच तिकीट विकलं जात असेल तर ते झांझिबारचं की मुंबईचं, हे शिक्काच सांगणार. तिकिटावर वरून छापलेली अक्षरं खोटी छापता येतात आणि छापली जातातही. पण पाकीट, शिक्का, सेन्सॉरची खूण, दर आणि वाट या सगळ्यांचा मेळ खोटा जमवणं फार अवघड. व्हाऊचर, लेजर आणि डे-बुक तिन्ही जुळली तरच नोंद खरी, तसंच हे.

कोरियानंतरही आपली फौज बाहेर जात राहिली. १९५४ पासून कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनामसाठी देवनागरीत 'अंतरराष्ट्रीय आयोग' आणि देशाचं नाव छापलेली तिकिटं निघाली. १९६२ मध्ये काँगोसाठी, आणि १९६५ मध्ये गाझातल्या शांतिसेनेसाठी, नेहरूंच्या पंधरा पैशांच्या तिकिटावर. आणि आजही एक पोस्ट परमुलखात आहे : अंटार्क्टिकात. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्री इथे सुरू झालेलं ते पोस्ट गोव्याच्या टपाल विभागाला जोडलेलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या 'भारती' केंद्रावर नवी शाखा निघाली, तीही आपल्या महाराष्ट्र सर्कलच्या अखत्यारीत. म्हणजे पृथ्वीच्या तळाशी पडणाऱ्या पत्राचा हिशेब आपल्याकडेच येतो.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्या सोसायटीत माजी सैनिकांची चार घरं आहेत, आखातात नोकरी केलेली किती तरी आहेत, आणि पुढेमागे इमारतीचं काम निघालं की माळे रिकामे होतीलच. जुनी पाकिटं, आंतरदेशीय पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, परदेशातून आलेली विमानपत्रं रद्दीत घालू नका. तिकीट कापू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. साध्या कागदी लिफाफ्यात, कोरड्या जागी, सपाट ठेवा. पंचगंगेचं पाणी चढतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तेव्हा तळमजल्यावर नको. आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा : हे पत्र कुणाचं, कुणाला. फ्लॅट नंबर ७ च्या दाराची बेल वाजवलीत तर मी बघून सांगेन. पाकीट तुमच्याच घरी राहील.

यंदाच्या गणेशोत्सवात मंडपाच्या कोपऱ्यात एक टेबल मला द्यावं, असा अर्ज मी सेक्रेटरींकडे दिलेला आहे. मामांचं पाकीट तिथे ठेवणार आहे. शेजारी ती पाच कापलेली तिकिटंही ठेवीन, म्हणजे आपल्या सोसायटीतल्या अकरा वर्षांच्या मुलांना फरक दिसेल.